घडीचा वर्कबेंच निवडताना: किती पेलतो ते नंतर, ढकलल्यावर किती हलतो ते आधी

माझा पहिला घडीचा वर्कबेंच मी खोक्यावरचा आकडा वाचून घेतला. 200 किलो वजन पेलतो, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. मला वाटलं, एवढा भार घेणारा बेंच म्हणजे दगडासारखा उभा राहणार. घरी आणला, फळी आवळली, रंधा मारायला घेतला, आणि तिसऱ्या हाताला फळी, रंधा आणि बेंच असे तिघंही भिंतीच्या दिशेने निघाले. छापलेला आकडा खोटा नव्हता. त्या बेंचवर दोन माणसं उभी राहिली असती तरी तो मोडला नसता. पण मला त्यावर उभं राहायचं नव्हतं, लाकूड रंधायचं होतं.

सुतारकामात बेंचवर भार क्वचितच सरळ खाली येतो. करवत पुढे-मागे ओढते, रंधा आडवा ढकलतो, पटाशीवरचा हातोडा हादरे देतो. म्हणून बेंच आडव्या जोराला कसा उभा राहतो आणि लाकूड किती घट्ट धरतो, हे दोन प्रश्न आधी सोडवायचे. खाली दिलेला क्रम याच हिशेबाने लावला आहे.

पायरी 1: आपली कामं कागदावर मांडा

मागच्या काही महिन्यांत तुम्ही काय केलंत आणि पुढच्या काही महिन्यांत काय करणार आहात, ते खरं खरं लिहा. ‘कधीतरी जेवणाचं टेबल करीन’ हे त्यात धरू नका. नंतर प्रत्येक कामासमोर लिहा की त्यात लाकडाला काय करावं लागतं: कापणं, भोकं पाडणं, घासणं, रंधणं, साल (सांधा बसवायची चौकोनी खाच) खोदणं, जोडून चिकटवणं.

कापणं, ड्रिलिंग आणि सँडिंग एवढंच असेल, तर बहुतेक घडीचे बेंच पुरतात. जोर कमी लागतो आणि यंत्राचं वजनही खाली दाबतं. हाताने रंधायचं असेल तर निवड एकदम अरुंद होते. पटाशी-हातोड्याने खोल साल खोदायची असेल, तर कुठलाही हलका घडीचा बेंच तुम्हाला पूर्ण समाधान देणार नाही, हे आधीच सांगतो. हातोड्याचा घाव लाकडात जायच्या ऐवजी अर्धा बेंचच्या उसळीत जातो.

लाकडांची मापंही याच कागदावर लिहा. प्लायच्या आख्ख्या शीटा (2440 × 1220 मिलिमीटर) कापायच्या आहेत की 60 सेंटीमीटरच्या फळ्या, यावर बेंचचा प्रकारच बदलतो.

पायरी 2: चार प्रकार आणि त्यांचा स्वभाव

पहिला प्रकार दुभंगलेल्या माथ्याचा. माथ्याच्या दोन लांब फळ्या असतात आणि खालच्या दोन हँडलांनी त्या एकमेकींजवळ येतात. म्हणजे माथा हाच शिकंजा. ही युक्ती रॉन हिकमन या डिझायनरची. लोटस एलान ही गाडी आखणाऱ्या हिकमनने घरी कपाट करताना खुर्चीचा बेंच म्हणून वापर केला आणि लाकडासोबत ती महागडी खुर्चीही कापली. त्यातून त्याला हा बेंच सुचला. कंपन्यांनी आधी नाकारला, म्हणून त्याने स्वतःच तो विकायला सुरुवात केली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक अँड डेकरने तो ‘वर्कमेट’ म्हणून बाजारात आणला, आणि आज मिळणारे बहुतेक घडीचे बेंच त्याच कल्पनेवर उभे आहेत. लहान जागेत विविध कामं करणाऱ्यासाठी मी अजूनही हाच प्रकार आधी बघायला सांगेन.

दुसरा प्रकार म्हणजे घडीचं टेबल: सपाट, मोठा माथा आणि त्यात खोचायचे क्लॅम्प. बरेचसे प्लास्टिकचे असतात. जुळवाजुळव, रंगकाम, सँडिंग यांना मस्त, पण उभी फळी धरायची म्हटली की अडतं. याच जातीचं वरचं टोक म्हणजे फेस्टूल कंपनीच्या एमएफटीसारखी भोकांची टेबलं. त्यात 20 मिलिमीटरची भोकं 96 मिलिमीटर अंतरावर नेमकी पाडलेली असतात, त्यांत खुंट्या घालून काटकोनात कापता येतं. ती यंत्रांच्या अचूक कामासाठी आहेत. जोरकस हातरंधा त्यांनाही हलवतो, फक्त किंमत जास्त असल्यामुळे कुणी ते मोठ्याने बोलत नाही.

तिसरा प्रकार घोड्यांची जोडी. घोडी म्हणजे वर आडवी पट्टी आणि खाली पाय असलेला टेकू. दोन घडीच्या घोड्या आणि वर जाड प्लाय. मोठ्या शीटा कापणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये. चौथा प्रकार पायाने आवळायच्या तीनपायी शिकंज्याचा, रॉकवेल कंपनीच्या जॉहॉर्ससारखा. पकड जबरदस्त, तीन पाय असल्याने खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, पण माथा जवळजवळ नाहीच. दाराच्या फळीची कड घासायची असेल तर याच्या तोडीचं काही नाही. एकमेव बेंच म्हणून मात्र घेऊ नका.

पायरी 3: उंची स्वतःच्या अंगावर मोजा

रोज वापरायचा बूट घाला, सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या घडीची जमिनीपासूनची उंची मोजा. सर्वसाधारण कामाला ही उंची चांगली. हाताने रंधायला याहून थोडी कमी, बोटांच्या मुळाशी येईल एवढी, म्हणजे खांद्याचा आणि अंगाचा भार रंध्यावर जातो. बारीक आखणी किंवा नाजूक सांध्यासाठी कोपराच्या थोडं खाली. हातकरवतीला उलट गुडघ्याजवळची उंची बरी, कारण लाकडावर गुडघा टेकवून वरून कापता येतं.

एकाच बेंचवर हे सगळं जमणार नाही. दोन उंचींचे बेंच मिळतात, खालचे पाय दुमडले की करवतीची उंची येते, आणि माझ्या मते ही सोय पैसे मोजण्यासारखी आहे. अनेक पायऱ्यांमध्ये सरकणारे पाय मात्र संशयाने बघा. नळीत नळी सरकते तिथे सैलपणा असतोच. एकच उंची असेल आणि ती कमी पडत असेल, तर वर ठोकळे लावून वाढवता येते. जास्त असेल तर काही करता येत नाही. थोडा बुटका बेंच चालेल, थोडा उंच नको.

पायरी 4: आडव्या जोराचं गणित

इथे जरा थांबू, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

समजा बेंचचं वजन 16 किलो, उंची 80 सेंटीमीटर आणि पुढच्या-मागच्या पायांत 50 सेंटीमीटर अंतर आहे. वजन मधोमध धरलं तर ते कडेच्या पायांपासून 25 सेंटीमीटरवर येतं. माथ्यावर आडवं ढकललं की बेंच कधी कलंडायला लागेल? 16 ला 25 ने गुणा, 80 ने भागा: 5. म्हणजे फक्त 5 किलोच्या आडव्या जोराला मागचे पाय जमीन सोडतात. कठीण लाकडावर जाड थर काढताना रंध्याला याहून सहज जास्त जोर लागतो. तुम्ही रंधा खालीही दाबता म्हणून थोडी मदत होते, पण भरवसा ठेवण्याइतकी नाही.

आता खालच्या आडव्या पट्टीवर 24 किलोची वाळूची पिशवी ठेवा. एकूण 40 किलो. तेच गणित केलं तर 12.5 किलो येतात. वाळूच्या एका पिशवीने अडीचपट फरक. म्हणून बेंच बघताना खाली वजन ठेवायला फळी, पट्टी किंवा निदान पाय टेकवायची पायरी आहे का, ते आधी पाहा. पायरीवर एक पाय ठेवून काम केलं की तुमचंच वजन बेंचच्या कामी येतं. ज्या बेंचचे पाय नुसते इंग्रजी ‘A’ आकारात उभे आहेत आणि खाली काहीच जोडलेलं नाही, तो मी हाताने रंधणाऱ्याला सुचवणार नाही.

याच गणितात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. 25 ऐवजी 35 टाकून पाहा, म्हणजे पाय 70 सेंटीमीटर फाकलेले. 16 किलोच्याच बेंचला 7 किलो जोर पेलतो. म्हणून माथ्याची लांबी-रुंदी मोजण्याआधी पायांचा पसारा मोजा. पाय माथ्याबाहेर थोडे आलेले असले तर अडखळायला होतं खरं, पण अडखळणं परवडलं.

कलंडणं वेगळं आणि लटपटणं वेगळं. घडीच्या बेंचला बिजागऱ्या आणि रिव्हेट असतात, आणि प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते. आधार 10 सेंटीमीटरच्या पट्टीचा असेल आणि तिच्या टोकाशी 1 मिलिमीटर ढिलाई असेल, तर 80 सेंटीमीटर वर माथा 8 मिलिमीटर हलतो. करवतीच्या प्रत्येक हाताला 8 मिलिमीटर पुढे-मागे! म्हणून आधाराच्या तिरप्या पट्ट्या लांब हव्यात आणि पायाच्या शक्य तितक्या खालच्या भागाला जोडलेल्या हव्यात. वरच्या कोपऱ्यातला इवलासा लोखंडी कोन दिसायला भक्कम, कामाला कच्चा.

सांधे रिव्हेटचे की नट-बोल्टचे, तेही बघा. रिव्हेट सैल झाला की संपलं, नट पान्ह्याने आवळता येतो.

खोक्यावरच्या आकड्याचं काय? तो निरुपयोगी नाही, पण तो कसा मोजलाय ते वाचा. वर्क्स कंपनीचा पेगासस हा बेंच टेबल म्हणून वापरताना 300 पाउंड, म्हणजे सुमारे 136 किलो पेलतो आणि घोडीसारखा दुमडला की 1000 पाउंड, सुमारे 453 किलो. वस्तू एकच, आकडे दोन. दोन्हींपैकी एकही आकडा सांगत नाही की रंधा मारताना तो किती हलेल.

पायरी 5: पकड

दुभंगलेल्या माथ्याच्या बेंचमध्ये जबडे, म्हणजे माथ्याच्या त्या दोन फळ्या, किती उघडतात हे सगळे विचारतात. जबडे समांतर बंद होतात का, आणि आवळल्यावर माथा सपाट राहतो का, हे फारसं कुणी तपासत नाही. पातळ पट्टी वरच्या बाजूला धरून घट्ट आवळली की स्वस्त बेंचचा पुढचा जबडा वर उचलला जातो. मग त्यावर ठेवलेली फळी डोलते. तपासायला एक सरळ पट्टी पुरे: आधी मोकळ्या जबड्यांवर आडवी ठेवा, मग आवळून पुन्हा ठेवा. खालून उजेड दिसायला लागला तर बेंच परत ठेवा.

दोन हँडलं स्वतंत्र फिरतात की एकत्र? स्वतंत्र हवीत. एका बाजूला निमुळतं होत जाणारं लाकूड, खुर्चीचा पाय, पाचरीच्या आकाराचा तुकडा, हे सगळं मग सहज धरता येतं. एका हँडलवर चालणारे किंवा झटक्यात सरकणारे जबडे जलद असतात. पण जलदपणा विकत घेताना पकड देऊन टाकू नका. हँडल पूर्ण आवळून फळीचं टोक दोन्ही हातांनी ओढा. सरकली तर पुढचं बोलणं संपलं.

जबड्याच्या आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने आडवी खाच असेल तर गोल नळी किंवा दांडा आडवा धरता येतो. माथ्यावरच्या भोकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्या रुंद फळी धरायला कामाच्या, कारण जबड्यात न मावणारी फळी माथ्यावर आडवी ठेवून चार खुंट्यांत दाबता येते. या खुंट्या मोडतात आणि हरवतात. भोकाचा व्यास प्रमाणित असेल, तर गोल लाकडी दांड्याचे तुकडे कापून स्वतःच्या करता येतात. विचित्र मापाची भोकं असतील तर कंपनीच्या सुट्या भागांवर अवलंबून राहावं लागतं.

टेबलाच्या प्रकारात खालून वाकून पाहा. प्लास्टिकच्या माथ्याखाली फासळ्यांची जाळी असते आणि कडेला नेमका एफ-क्लॅम्प (इंग्रजी ‘F’ आकाराचा, स्क्रूने आवळायचा क्लॅम्प) लावायला सपाट जागाच नसते. फोटोत वरची बाजू दाखवतात, खालची नाही. कडेला निदान 5 सेंटीमीटर सपाट जागा चारही बाजूंनी हवी.

पायरी 6: माथा कशाचा

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) सपाट असतो आणि स्वस्तही. पण ओला ग्लू, पाणी किंवा दमट कोपरा मिळाला की कडा फुगतात. घेतल्याबरोबर कडांना आणि भोकांच्या आतून दोन-तीन हात वॉर्निश द्या. जाड प्लाय किंवा बांबूचा माथा जास्त टिकतो. प्लास्टिकवर सुकलेला ग्लू नखाने निघतो, हा त्याचा मोठा गुण. उन्हात आणि जास्त भाराखाली वाकणं हा त्याचा दोष. लोखंडी पत्र्याचा माथा लाकूडकामाला नकोच. पटाशी एकदा निसटली तरी धार गेली, आणि लाकडावर काळे ओरखडे वेगळेच.

पायरी 7: उचलणं आणि ठेवणं

हे थोडक्यात. दुमडल्यावरची जाडी आणि ठेवायची जागा मोजा. उचलायची मूठ तोलाच्या बिंदूजवळ आहे का, ते उचलून बघा. जिना चढायचा असेल तर 15 किलोच्या वर गेलं की तुम्ही बेंच काढायला कंटाळायला लागता, आणि न काढलेल्या बेंचवर काम होत नाही. फेस्टूलचं एमएफटी/3 सुमारे 28 किलोचं आहे. ते दुमडतं, पण इकडून तिकडे नेताना आपण घडीची वस्तू उचलतोय असं वाटत नाही.

बोटं चिमटण्याच्या जागा ओळखा. उघडल्यावर खिट्टी आपोआप पडते की हाताने लावावी लागते? हाताने लावायची असेल तर एक दिवस तुम्ही विसरणार.

पायरी 8: दुकानातली दहा मिनिटं

विक्रेत्याने उघडलेला बेंच बघू नका. दुमडलेला मागा आणि स्वतः उघडा. मग क्रमाने:

1. चारही पाय जमिनीला टेकतात का, ते कोपरे दाबून पाहा. डुगडुगला तर जागा बदलून पुन्हा पाहा, दोष फरशीचाही असू शकतो.
2. माथ्याच्या कडेला तळहात लावून लांबीच्या दिशेने ढकला, मग रुंदीच्या दिशेने. सरकतो, कलंडतो की लटपटतो, ते वेगवेगळं लक्षात ठेवा. सरकणं रबराच्या चटईने थांबतं, कलंडणं वजनाने थांबतं, लटपटणं कशानेच पूर्ण जात नाही.
3. समोरासमोरचे दोन कोपरे धरून पिळल्यासारखं करा.
4. सोबत नेलेला फळीचा तुकडा जबड्यात उभा आवळा आणि वर करवत चालवल्यासारखा हात फिरवा. लोक बघतील, बघू द्या.
5. सरळ पट्टीची चाचणी.
6. दुमडा, एका हाताने उचला, वीस पावलं चाला.

ऑनलाइन घेत असाल तर यातलं काहीच करता येत नाही. मग खालून काढलेले फोटो शोधा, आडव्या पट्ट्या मोजा, आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींत ‘हलतो’ हा शब्द किती वेळा येतो ते पाहा. ‘जोडायला वेळ लागला’ ही तक्रार सोडून द्या. जोडायला वेळ लागतो म्हणजे बहुधा नट-बोल्ट जास्त आहेत, आणि ते आपल्याला हवेच आहेत.

जुना बेंच मिळत असेल तर नाक मुरडू नका. लोखंडी सांगाडा सरळ आणि स्क्रू नीट फिरत असतील, तर माथ्याच्या दोन फळ्या नव्या करून बसवणं हे एका दुपारचं काम आहे.

पायरी 9: घरी आणल्यावर

सगळ्यात उपयोगी भर म्हणजे जादा माथा. 18 मिलिमीटर प्लायचा साधारण 100 × 60 सेंटीमीटरचा तुकडा घ्या. त्याच्या खाली मधोमध, लांबीच्या दिशेने, 5 × 5 सेंटीमीटरची जाड पट्टी ग्लू आणि स्क्रूने जोडा. ही पट्टी बेंचच्या जबड्यात आवळली की मोठं, सपाट टेबल तयार, आणि हँडलं सोडली की पुन्हा शिकंजा. अशीच छोटी पट्टी लावून ग्राइंडर किंवा लोखंडी वाइस वेगवेगळ्या तुकड्यांवर बसवून ठेवता येतात, हवं ते जबड्यात धरायचं. जादा माथा बेंचच्या बाहेर फार लांब काढू नका. टोकावर जोर पडला की वरचं कलंडण्याचं गणित पुन्हा सुरू होतं.

रंधायचं असेल तेव्हा बेंचचं पुढचं टोक भिंतीला किंवा भक्कम खांबाला टेकवा, मध्ये जुनं कापड घाला. जोर भिंत घेते, बेंचने फक्त उंची द्यायची. रंधा नेहमी बेंचच्या लांबीच्या दिशेने चालवा. फळी जबड्यात दाबण्याऐवजी माथ्यावर एक पातळ आडवी पट्टी ठोकून तिला टेकवली, तर पातळ फळी वाकत नाही.

साल खोदायची वेळ आली तर लाकूड माथ्याच्या मध्यावर ठेवू नका, पायाच्या अगदी वर ठेवा. तिथे उसळी सर्वांत कमी. मी तर सरळ जमिनीवर जाड ठोकळा ठेवतो आणि बेंचला त्या दिवशी सुट्टी देतो.

जबड्यांच्या स्क्रूंना तेल लावू नका, त्यात भुसा चिकटून लगदा होतो. मेणबत्ती घासा. पहिल्या दोन-तीन कामांनंतर सगळे नट एकदा आवळा, कारण नवा रंग आणि वॉशर दबून ते हमखास सैल होतात. साध्या नटांच्या जागी आत नायलॉनची कडी असलेले नट घातले तर फिरणारे सांधे घट्टही राहतात आणि दुमडतातही. आवळताना अंदाज ठेवा: बेंच हाताने उघडताना किंचित जोर लागला पाहिजे. आपल्या वजनाने धाडकन उघडत असेल तर अजून पाव फेरा द्या.